दोन एअरपोर्टमधलं अंतर आणि फ्लाइटचा खरा वेळ घरबसल्या कसा काढायचा (पुणे-दिल्ली आणि मुंबई-लंडन धरून)

आई-बाबा पहिल्यांदा ताईकडे लंडनला निघाले तेव्हाची गोष्ट आहे. तिकिटावर होतं मुंबईहून दुपारी १ ला निघणार आणि लंडनला संध्याकाळी ६ ला पोहोचणार, घरातल्या एकाने ते बघितलं आणि सांगून टाकलं की पाच तासांचं विमान आहे, म्हणजे पुणे ते सोलापूर एसटीने जाऊन यायला लागतो त्यापेक्षाही कमी. बाबांनी तेच डोक्यात धरलं आणि शुगरच्या संध्याकाळच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकल्या, उतरल्यावर घेऊ म्हणून. प्रत्यक्षात विमान साडेनऊ तास हवेत आणि जमिनीवर मिळून चाललं, त्याच्यानंतर इमिग्रेशनची रांग, त्याच्यानंतर बॅग, आणि गोळी मिळाली ती भारताच्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्र उलटून गेल्यावर. सुदैवाने काही झालं नाही, पण तेव्हापासून आमच्या घरात कुणीही कुठेही उडणार असलं की मी आधी वही घेऊन बसतो, अंतर किती, खरा वेळ किती, घर ते घर किती, आणि हे सगळं कुणालाही जमण्यासारखं आहे म्हणून सविस्तर लिहितोय. दहावीचं गणित पुरतं, खरंच.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, "अंतर" म्हणून जो आकडा दिसतो तो एकच नसतो. एक असतं दोन एअरपोर्टमधलं पृथ्वीच्या पृष्ठभागावरचं सगळ्यात कमी अंतर, त्याला ग्रेट सर्कल अंतर म्हणतात. दुसरं असतं विमान त्या दिवशी खरोखर जेवढं उडलं ते, हे कायम पहिल्यापेक्षा जास्त. वेळेचंही तसंच आहे, हवेतला वेळ वेगळा आणि तिकिटावरचा वेळ वेगळा. लोक गुगलवर अंतर बघतात, विमानाचा वेग ताशी ९०० असतो असं कुठेतरी वाचलेलं असतं, भागाकार करतात आणि मग म्हणतात की दिल्लीला सव्वा तासच लागायला पाहिजे मग तिकिटावर सव्वादोन का. तो फरक कुठून येतो तेच आता बघू.

पहिलं काम, एअरपोर्ट नक्की कुठला ते बघा, शहराचं नाव बघून चालत नाही. प्रत्येक एअरपोर्टला तीन अक्षरी कोड असतो, मुंबईचा बीओएम, पुण्याचा पीएनक्यू, नागपूरचा एनएजी, दिल्लीचा डीईएल. पूर्वी मुंबई म्हणजे मुंबई होतं, आता नवी मुंबईच्या एअरपोर्टवरूनही २५ डिसेंबर २०२५ पासून फ्लाइट सुरू झाल्यात आणि त्याचा कोड वेगळा आहे, एनएमआय. विमानाच्या अंतरात दोन्हींचा फरक नगण्य, पण घरापासूनच्या अंतरात बोरिवलीवाल्याला आणि पनवेलवाल्याला जमीन-अस्मानाचा फरक पडतो. गोव्याचंही तेच, दाबोळीचा कोड जीओआय आणि मोपाचा जीओएक्स, एक वास्कोजवळ आणि दुसरा पार पेडण्यात, काणकोणला जाणाऱ्या माणसाने मोपाचं स्वस्त तिकीट घेतलं की टॅक्सीत अख्खा गोवा उभा ओलांडायला लागतो. लंडनला तर हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्युटन अशी रांगच आहे. तेव्हा कोड वहीत लिहा, मगच पुढे.

आता अंतर. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे कॉम्प्युटरवर गुगल मॅप्स उघडा, पहिल्या एअरपोर्टच्या रनवेवर राइट क्लिक करा, अंतर मोजायचा पर्याय येतो तो निवडा आणि मग दुसऱ्या एअरपोर्टवर क्लिक करा. लांबच्या दोन जागा घेतल्या तर रेघ वाकडी दिसते, घाबरू नका, तीच सरळ आहे, नकाशा सपाट असल्यामुळे ती वाकडी दिसते. घरात पृथ्वीगोल असेल तर मुलांना जवळ घ्या आणि मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरा, दोरा ज्या देशांवरून जातो तोच सगळ्यात जवळचा रस्ता. हा प्रकार मी भाच्यांसोबत केलाय आणि त्यांना तो शाळेतल्या भूगोलापेक्षा जास्त लक्षात राहिलाय. ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइटपण आहे, तिथे दोन कोड टाकले की अंतर आणि रेघ दोन्ही मिळतं.

पण हाताने काढायलाही शिका, कारण एकदा हाताने काढलं की आकड्याची भीती जाते. त्याचा आधार एवढाच की अक्षांशाची एक डिग्री म्हणजे साधारण १११ किलोमीटर, कुठेही. रेखांशाची एक डिग्री मात्र विषुववृत्तावरच १११ किमी असते, जसजसं वर उत्तरेला जाल तसं सगळी रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ जवळ येतात म्हणून ती कमी होते, किती कमी तर त्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. पुणे-दिल्ली करून बघू. लोहगाव एअरपोर्ट आहे १८.५८ उत्तर, ७३.९२ पूर्व. दिल्ली एअरपोर्ट २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व. अक्षांशातला फरक ९.९९, गुणिले १११, झाले ११०९ किमी. रेखांशातला फरक ३.१८, दोन्ही अक्षांशांची सरासरी साधारण २३.६, त्याचा कोसाइन ०.९१६, म्हणजे ३.१८ गुणिले ०.९१६ बरोबर २.९१, गुणिले १११ झाले ३२३ किमी. आता हा काटकोन त्रिकोण झाला, एक बाजू ११०९ आणि दुसरी ३२३, पायथागोरस लावा, १२,२९,८८१ अधिक १,०४,३२९ बरोबर १३,३४,२१०, त्याचं वर्गमूळ ११५५. पुणे-दिल्ली ११५५ किलोमीटर. कुठल्याही साइटवर टाकून बघा, दोन-चार किलोमीटरच्या फरकाने हाच आकडा येईल.

मुंबई-दिल्ली असंच काढलं तर साधारण ११४० येतं, मुंबई-नागपूर ६८३, पुणे-नागपूर ६०५, मुंबई-कोल्हापूर ३०९. समृद्धी महामार्गच ७०१ किलोमीटरचा आहे, आणि तो धरायला मुंबईतून आधी ठाण्याच्या पुढे जायला लागतं ते वेगळं, त्यामानाने नागपूरला हवेतून किती वाचतं ते कळेल.

एक धोका सांगतो. हा सपाट त्रिकोणाचा हिशोब भारतातल्या भारतात झक्कास चालतो, पण लांबच्या प्रवासाला फसवतो. मी हौसेने मुंबई-लंडन याच पद्धतीने काढलं तर ७५५० आले, खरं अंतर आहे साधारण ७२१० किमी. साडेतीनशे किलोमीटरची चूक, कारण पृथ्वी सपाट नाही आणि एवढ्या लांबवर तिचा बाक जाणवतो. तिथे गोलाचं सूत्र वापरायचं. पहिल्या अक्षांशाचा साइन गुणिले दुसऱ्या अक्षांशाचा साइन, हे एक. पहिल्याचा कोसाइन गुणिले दुसऱ्याचा कोसाइन गुणिले रेखांशातल्या फरकाचा कोसाइन, हे दोन. दोन्हींची बेरीज करा आणि तिचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) घ्या, जो कोन डिग्रीत येईल त्याला १११.२ ने गुणा. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. हीथ्रो ५१.४७ उत्तर आणि रेखांश ०.४५ पश्चिम, इथे बघा, पश्चिम आहे, ग्रीनिचच्या पलीकडे, म्हणून फरक काढताना वजाबाकी नाही तर बेरीज, ७३.३२. पहिला भाग येतो ०.२५६, दुसरा ०.१६९, बेरीज ०.४२५, उलटा कोसाइन ६४.९ डिग्री, आणि गुणाकार करून जवळपास ७२१०. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आडवा धरला की साइन-कोसाइन येतात, फक्त तो डिग्रीवर आहे ना ते बघून घ्या. एक्सेलमध्ये करणार असाल तर त्याला डिग्री कळत नाही, आधी रेडियनमध्ये बदलून द्यावं लागतं, नाहीतर काहीच्या काही उत्तर येतं आणि माणूस वैतागून सोडून देतो.

एककाचा घोळपण होतो. विमानवाले नॉटिकल मैलात बोलतात, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी, आणि साधा मैल १.६०९ किमी. तेच मुंबई-लंडन साध्या मैलात ४४८० आणि नॉटिकल मैलात ३८९५ च्या आसपास दिसेल. तीन ठिकाणी तीन आकडे दिसले म्हणून कुणी चुकलंय असं नसतं.

आता वेळेकडे येऊ. विमान दोरा ताणल्यासारखं सरळ जात नाही. उडताना वाऱ्याच्या समोर तोंड करून उडतं, त्यामुळे मुंबईत बहुतेक वेळा ते समुद्राच्या दिशेने उडतं, तुम्हाला नागपूरला जायचं असलं तरी, मग समुद्रावर वळसा मारून परत शहर ओलांडून पूर्वेला निघतं. खिडकीतून जुहूची किनार दिसली की लोक म्हणतात हे कुठे चाललंय, तर ते बरोबरच चाललेलं असतं. वर गेल्यावर हवेतले ठरलेले रस्ते असतात, त्यांच्यावरचे ठरलेले बिंदू असतात, मध्ये लष्कराच्या ताब्यातलं आकाश असेल तर त्याला वळसा. उतरताना पुन्हा रांगेत यायचं. मुंबईच्या एअरपोर्टला दोन रनवे आहेत खरे पण ते एकमेकांना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येतो, आणि गर्दीच्या वेळी विमानं वरती घिरट्या घालतात. पुण्याचा एअरपोर्ट तर हवाई दलाचाच, त्यांचं उड्डाण आधी. हे सगळं धरून मी ग्रेट सर्कल अंतरात ६ टक्के वाढवतो, लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला ७. हा माझ्या वहीतल्या अनुभवाचा आकडा आहे, जुळतो म्हणून वापरतो.

वेगाचंही एक बघायला पाहिजे. ताशी ९०० हे बोईंग ७८७ सारख्या मोठ्या विमानाचं वरच्या उंचीवरचं. आपल्याकडे देशात जी ए३२० जातीची विमानं सगळीकडे दिसतात ती ८३०-८४० ने जातात. आणि पंखेवालं एटीआर असेल तर ५०० च्या आसपास. शिवाय १०,००० फुटांच्या खाली विमानांना साधारण ताशी ४६० किमीची मर्यादा असते, म्हणजे चढताना आणि उतरताना ते पूर्ण वेगात नसतंच. म्हणून देशातल्या जेटला मी ८०० धरतो आणि लांबच्या मोठ्या विमानाला ८६० ते ९००.

आणि शेवटचं म्हणजे तिकिटावरची वेळ कशाची असते. तिकिटावरची निघायची वेळ म्हणजे टेकऑफची वेळ नाही, विमानाच्या चाकांचे ठोकळे काढून ते गेटवरून मागे ढकललं जातं ती वेळ. पोहोचायची वेळ म्हणजे चाकं रनवेला टेकली ती नाही, गेटवर लागून परत ठोकळे लावले ती. याला ब्लॉक टाइम म्हणतात. मध्ये टॅक्सी करणं म्हणजे विमानाने जमिनीवरून गेट ते रनवे सरकत जाणं, रांगेत उभं राहणं, चढणं-उतरणं यातला जादा वेळ, हे सगळं मिळून मी सरसकट ४० मिनिटं धरतो. विमान कंपन्या वरून थोडा राखीव वेळही ठेवतात, म्हणून तर अर्धा तास उशिरा निघालेलं विमान कधी कधी वेळेवर पोहोचतं.

तर माझं सूत्र झालं असं, अंतर घ्या, ६ टक्के वाढवा, ८०० ने भागा, ४० मिनिटं मिळवा. मुंबई-दिल्ली ११४० चे झाले १२०८, भागिले ८०० म्हणजे दीड तास, अधिक ४० मिनिटं, दोन तास दहा मिनिटं. तिकिटावर बघा, त्याच्याच आसपास असतं. मुंबई-नागपूर येतं दीड तासाच्या थोडं वर, मुंबई-कोल्हापूर तासाभराच्या थोडं वर. कोल्हापूरचं बघितलंत तर लक्षात येईल की तिथे हवेतले २५ मिनिटं आणि बाकीची चाळीस, म्हणजे जवळच्या प्रवासात अंतर वेळ ठरवतच नाही, चढ-उतारच ठरवतात. म्हणूनच ३०० किमीला एक तास आणि ११४० किमीला फक्त दोन तास दहा.

आता वारा, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, हिवाळ्यात उत्तर भारतावर ते ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरपर्यंत जातात. विमान त्या हवेतच पोहत असतं, त्यामुळे पाठीमागून वारा असला तर जमिनीवरचा वेग वाढतो आणि समोरून असला तर घटतो. मुंबई-लंडनला वळसा धरून समजा ७७०० किमी उडायचंय. विमानाचा वेग ९०० आणि सगळ्या रस्त्याची सरासरी धरून समोरचा वारा फक्त ४० चा, तर वेग उरला ८६०, वेळ ८ तास ५७ मिनिटं, अधिक ४०, म्हणजे ९ तास ३७ मिनिटं. येताना तोच वारा पाठीशी, ९४० ने ८ तास ११ मिनिटं, अधिक ४०, झाले ८ तास ५१ मिनिटं. जाताना आणि येताना पाऊण तासाचा फरक, तोही इतक्या मवाळ वाऱ्याने. त्यामुळे परतीचं तिकीट जाण्याच्या तिकिटापेक्षा कमी वेळाचं दिसलं तर काही गडबड नाही.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे एअर इंडियाची दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को. आधी ती अटलांटिकवरून जायची, साधारण १३,९०० किमी, समोरून वारा. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ती उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून नेली, १५,३०० किमी, म्हणजे १४०० किलोमीटर जास्त, आणि तरी साडेचौदा तासांत पोहोचली, आधीपेक्षा कमी वेळात, कारण वारा सगळा पाठीशी. लांबचा रस्ता लवकर पोहोचवतो, हे वाक्य मी ज्याला ज्याला सांगितलंय त्याला आधी पटलेलं नाही.

वाऱ्यासारखंच दुसरं म्हणजे बंद आकाश. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, ३० एप्रिलला भारताने त्यांना केलं, आणि पुढे ती मुदत महिन्या-महिन्याने वाढवत नेली. २०१९ मध्येही बालाकोटनंतर फेब्रुवारीपासून जुलैच्या मध्यापर्यंत असंच झालं होतं. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांना याचा मोठा फटका बसतो, आधी खाली गुजरातकडे येऊन अरबी समुद्रावरून पश्चिमेला जायचं म्हणजे सरळ सरळ वळसा. मुंबईवाल्यांना समुद्र दाराशीच असल्यामुळे त्रास त्यामानाने कमी. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे, आणि दोरा ताणून बघितलात तर मुंबई-लंडनची सरळ रेघ नेमकी त्याच बाजूने जाते. म्हणून दोन वेगळ्या देशांच्या कंपन्यांची त्याच दोन शहरांमधली फ्लाइट एकाची नऊ तास आणि दुसऱ्याची दहा तास दिसू शकते. जुना ब्लॉग वाचून वेळ धरू नका, आजचं तिकीट बघा.

आता ते पाच तासांचं कोडं, म्हणजे घड्याळ. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात, हे एवढं एक वाक्य आई-बाबांना आधी सांगितलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. माझी पद्धत साधी आहे, सगळ्या वेळा भारताच्या घड्याळात लिहायच्या. लंडन आपल्या मागे आहे, हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार, कारण तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. आई-बाबा मे महिन्यात गेले होते, लंडनचे संध्याकाळचे ६ म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा, दुपारी १ ते रात्री साडेदहा, साडेनऊ तास. वर वाऱ्याचा हिशोब केला त्याच्याशी ताडून बघा, जुळतं. येताना लंडनहून रात्री ९ ला निघाले म्हणजे आपले मध्यरात्री दीड, मुंबईला पोहोचले सकाळी १०:२० ला, ८ तास ५० मिनिटं.

हिवाळ्यासाठी एक जुनी युक्ती आहे, काट्यांचं मनगटी घड्याळ उलटं धरा, वरची बाजू खाली, आणि वाचा, लंडनची वेळ दिसते. आपल्याकडे दुपारचे १२ वाजले असतील तर उलट्या घड्याळात साडेसहा दिसतात, आणि हिवाळ्यात लंडनला तेव्हा सकाळचे साडेसहाच असतात. उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवा. बाबांना ही युक्ती इतकी आवडली की ते आता ताईला फोन करायच्या आधी घड्याळ काढून उलटं करतात.

दुबई आपल्या दीड तास मागे, तिथे घड्याळ बदलायची भानगड नाही. सिंगापूर अडीच तास पुढे. न्यूयॉर्क, न्यू जर्सी हिवाळ्यात साडेदहा तास मागे आणि उन्हाळ्यात साडेनऊ. अमेरिकेची तारीख वेगळी असते, मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे असे येतात की अमेरिकेने घड्याळ बदललंय आणि लंडनने नाही, तेव्हा त्या दोघांतला नेहमीचा पाच तासांचा फरक चार होतो. त्या दिवसांत लंडन बदलून अमेरिकेला जाणार असाल तर पाठ असलेल्या फरकावर विसंबू नका.

तिकिटावर बारीक अक्षरात अधिक एक लिहिलेलं असतं ते म्हणजे दुसऱ्या दिवशी पोहोचणार. रात्री १२ नंतरच्या फ्लाइटची तारीखपण नीट वाचा, १५ तारखेचे ००:४० म्हणजे १४ तारखेला जेवून घरातून निघायचं. यात एक दिवस चुकून एअरपोर्टला गेलेली माणसं मी स्वतः बघितली आहेत आणि त्यांचे चेहरे विसरता येत नाहीत.

कनेक्टिंग फ्लाइट घ्यायची का, यालाही हे गणित कामाला येतं. मुंबई-लंडन सरळ ७२१०. दुबईवरून गेलात तर मुंबई-दुबई १९२६ अधिक दुबई-लंडन ५५००, एकूण ७४२६, म्हणजे फक्त सव्वादोनशे किलोमीटर जास्त, दुबई जवळजवळ वाटेवरच आहे. दिल्लीवरून गेलात तर ११४० अधिक ६७३०, एकूण ७८७०, साडेसहाशे किलोमीटर जास्त, वर तो बंद आकाशाचा वळसा. बहुतेकांना वाटतं की दिल्ली आपल्याच देशात म्हणजे जवळचं पडेल, गोलावर तसं नाहीये. अर्थात वृद्ध माणसांना हिंदी-इंग्रजी बोलणाऱ्या ओळखीच्या वातावरणात बदलायला सोपं जातं हेही खरं, तेव्हा फक्त किलोमीटर बघू नका. पण वेळ मोजताना प्रत्येक फ्लाइटची वेगळी चाळीस मिनिटं आणि मधला थांबा दोन्ही धरा. मधला थांबा मी म्हाताऱ्या माणसांना तीन तासांपेक्षा कमी घेऊ देत नाही, आणि दोन्ही फ्लाइट एकाच तिकिटावर पाहिजेत, वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलीला उशीर झाला तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. माझ्या एका मित्राचे दोन हजार रुपये वाचले आणि दुसरं तिकीट अख्खं गेलं.

आकडे निघाले की खरे आकडे ताडून बघायला फ्लाइटरडार किंवा फ्लाइटअवेअर उघडा, फ्लाइटचा नंबर टाका, मागच्या आठवड्याभरात ती रोज कधी निघाली, कधी टेकली ते दिसतं. तिकिटावरच्या वेळेपेक्षा मी त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतो. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीची सकाळची फ्लाइट असेल तर हे नक्की बघा, धुक्यामुळे किती दिवस उशीर झालाय ते डोळ्यासमोर येतं आणि दुपारची घ्यायची की नाही ते ठरवता येतं.

मग घर ते घर. पुण्याहून मुंबई एअरपोर्ट साधारण १५० किमी, कागदावर तीन तास, पण शुक्रवार संध्याकाळ असेल किंवा पावसात घाटात एखादा ट्रक आडवा झाला असेल तर पाच. आंतरराष्ट्रीयला तीन तास आधी पोहोचायचं, देशातल्याला दोन. बाबांच्या त्या प्रवासाचं मी नंतर लिहून काढलं, कोथरूडहून पहाटे ५ ला निघाले, सव्वानऊला एअरपोर्ट, १ ला विमान, भारताच्या घड्याळात साडेदहाला लंडन, बाहेर पडायला पावणेबारा, ताईच्या घरी पोहोचेपर्यंत पाऊण वाजला. पहाटे ५ ते रात्री पाऊण, पावणेवीस तास. अंतर ७२१० किमी आणि हवेतले नऊ तास, पण माणूस दमतो तो वीस तासांचा.

औषधांचा तक्ता म्हणूनच मी याच घर-ते-घर वेळेवर करतो, भारताच्या घड्याळात, एका कागदावर मोठ्या अक्षरात: अमुक वाजता निघालो, अमुक वाजता गोळी, अमुक वाजता जेवण, आणि तो कागद पासपोर्टसोबत. इन्सुलिन असेल तर डॉक्टरांना तास सांगून डोस विचारून घ्या, तुम्ही नेमके तास सांगितलेत तर त्यांनाही सांगणं सोपं जातं. गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत कधीच नाही. बाबांच्या हातातलं घड्याळ तिकडे उतरेपर्यंत बदलायचं नाही, ताईच्या घरी जाऊन चहा झाला की मग बदलायचं.

आणि घ्यायला जाणाऱ्याने फ्लाइटरडारवर टेकलेली वेळ बघावी, त्याच्यात गेटवर यायला १५ मिनिटं आणि इमिग्रेशन-बॅगेला एक ते दीड तास मिळवावा आणि मगच फोन करायला लागावं. आईचा फोन तोपर्यंत बहुतेक पर्समध्ये तळाशी, विमान मोडवरच असतो.